कानकोरणं दाखवा की!

अठराव्या शतकातली युरोपातली सोन्याची डबी म्युझियममध्ये काचेआड असते, आणि बहुतेक वेळा मिटलेली असते. माझं म्हणणं, अशाने आपण ती अर्धीच बघतो. तीही कमी रंजक अर्धी.

मी बोलतोय ते एत्वी या प्रकाराबद्दल. बोटभर लांबीची, खाली निमुळती होत गेलेली डबी, वर बिजागरीचं झाकण. लंडन-पॅरिसच्या श्रीमंत बायका ती कमरेच्या आकड्याला साखळीने अडकवून मिरवायच्या. बाहेरून उठावाचं काम : वेलबुट्टी, शिंपले, रोमन देवदेवता. कधी अकीकाच्या पातळ चकत्यांवर सोन्याची जाळी. पॅरिसचे कारागीर तर एकाच नक्षीत वेगवेगळ्या रंगांचं सोनं खेळवत. तांबं जास्त घातलं की लालसर, चांदी जास्त घातली की हिरवट. म्हणजे फूल लाल आणि पान हिरवं, आणि रंगाचा थेंबही न लावता!

आणि आत? कानकोरणं. सोन्याच्या नक्षीदार डबीत कानकोरणं! शिवाय दातकोरणं, केस उपटायचा चिमटा, इवलीशी कात्री, नाडी ओवायची बोथट सुई, घडीची सुरी, पेन्सिल. सोबत हस्तिदंताच्या पातळ पट्ट्या, त्यांवर पेन्सिलीने टिपून ठेवायचं आणि काम झालं की ओल्या फडक्याने पुसून टाकायचं. प्रत्येक डबीत हे सगळं असेच असं नाही, पण जे असे त्याला मापाचा खण असे. बाईने काय लिहिलं आणि काय पुसलं ते आता कुणाला कळणार नाही, पण तिला लिहायला काहीतरी हाताशी लागत होतं एवढं तर कळतं. हे मला त्या रोमन देवींपेक्षा शंभरपट जवळचं वाटतं.

लेबलावर मात्र बरेचदा 'सोनं, पॅरिस, अमुक साल' एवढंच. गंमत म्हणजे ते साल ठरवायलाही तज्ज्ञांना बहुतेकदा डबी उघडावीच लागते. पॅरिसच्या डब्यांवर कारागिराचा शिक्का, दरवर्षी बदलणारं सोनारांच्या संघाचं अक्षर, कर लागू झाल्याचा एक शिक्का आणि कर भरल्याचा दुसरा असे ठसे असत, आणि त्यांतले बरेचसे आतल्या बाजूला किंवा झाकणाच्या कडेला. तज्ज्ञ आत बघून तारीख सांगणार, आणि आम्ही बाहेरून मान डोलावणार.

नुसतं 'सोनं' म्हणून मिरवण्याचा मला दुसराही राग आहे. ख्रिस्तोफर पिंचबेक नावाच्या लंडनच्या घड्याळजीने तांबं आणि जस्त मिसळून सोन्यासारखा दिसणारा धातू काढला. तो 1732 मध्ये वारला, पण त्याच्या नावाच्या धातूत पुढे अशा असंख्य डब्या घडल्या. काचेतून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. मग कौतुक नक्की कशाचं करायचं? माझ्यापुरतं उत्तर, बिजागरीचं. झाकण मिटल्यावर फट दिसू नये इतकं नेमकं काम. तेही मिटलेल्या डबीत दिसत नाही आणि बिजागरी कशी चालते ते तर मुळीच नाही.

वितळवून डबीचं सोनंच तेवढं हाती लागतं, घडणावळ गेली ती गेली. म्हणून चोरीच्या बातम्या वाचून पोटात गोळा येतो. 2003 च्या जूनमध्ये इंग्लंडच्या वॉडेस्डन मॅनरमधून शंभरावर मौल्यवान वस्तू गेल्या, त्यांत बऱ्याच सोन्याच्या डब्या होत्या. 20 नोव्हेंबर 2024 ला पॅरिसच्या कोन्याक-जे म्युझियममध्ये दिवसाढवळ्या, लोक बघत असताना, कुऱ्हाडींनी कपाट फोडून सात तपकिरीच्या डब्या नेल्या. त्यांतल्या काही इतर संग्रहांनी प्रदर्शनासाठी उसन्या दिलेल्या होत्या. हे वाचून कुणी म्हणेल, 'आणि तुम्ही म्हणता उघडून दाखवा!'

अहो, रोज उघडझाप करा असं कोण म्हणतंय? बिजागरी झिजते, मीनाकामाचा टवका उडतो, हस्तिदंताला कोरड्या-दमट हवेचा त्रास होतो, सगळं मान्य. पण एकदा झाकण उघडून, आतलं सामान शेजारी मांडून ठेवायला काय हरकत आहे? तेही जमत नसेल तर उघड्या डबीचा मोठा फोटो लावा. एक्स-रे लावा. काही म्युझियमांच्या संकेतस्थळांवर उघड्या डबीचे उत्तम फोटो असतात, मग तेच दालनात का नाहीत, हे मला अजून उमगलेलं नाही. पितळेची प्रतिकृती करून ती लोकांच्या हातात दिली तर फारच उत्तम, पोरं तर जागची हलणार नाहीत.

आणि खण रिकामे असतील तर तेही सांगा. पुष्कळ संचांतली एखादी कात्री हरवलेली असते, एखादी सुरी नंतर दुसरीकडून आणून बसवलेली असते. लेबलावर लिहा ना, 'कात्री मूळची नाही, चिमटा गहाळ, कानकोरणं मात्र शाबूत.' अशा लेबलासमोर मी जरूर थांबेन.