हुबळीत आई पायरी शोधत राहिली

गेल्या महिन्यात आईला घेऊन हुबळीला लग्नाला गेलतो. तिथनं धारवाडला जायचं होतं तर पाव्हण्यांनी चिगरीत बसवलं, म्हणजे तिथली बीआरटीएसची (वेगळ्या लेनमधनं पळणारी) बस, चिगरी म्हणजे कन्नडात हरीण. आता आमच्या आईचे गुडघे असे की सिटीबसची पहिली पायरी म्हणजे तिला पन्हाळाच, एक हात दांडीला, एक माझ्या खांद्यावर आणि मागनं लोकांची घाई. तिथं दार उघडलं आणि आई पदर सावरून पायरी शोधत उभी. पायरीच नाही! फलाट आणि बसचा तळ एका लेव्हलला. चालत आत गेली, सीटवर टेकली आणि मला म्हणते, "चढायचं कवा?"

तवापासनं डोक्यात हेच फिरालंय. बीआरटी म्हणजे रस्त्याच्या मधे बसची वेगळी लेन एवढंच आपल्याला ठाऊक, पण निम्मी गंमत स्टॉपवर आहे. आपल्याकडं एकाच दारात चढणारे उतरणारे भिडलेले, कुणाची भाजीची पिशवी अडकलेली, त्यात सुट्ट्या पैशाचा घोळ, आणि हे दर स्टॉपला. तिकीट बाहेरच काढलं, दारं रुंद असली की बस काही सेकंदात सुटते, म्हणजे तेवढ्याच गाड्या दिवसात जास्त फेऱ्या मारणार. ब्राझीलच्या कुरितिबात मेट्रो परवडत नव्हती म्हणून जायमे लर्नर नावाच्या आर्किटेक्ट महापौरानं १९७४ ला बसलाच वेगळा रस्ता दिला, काचेच्या नळीसारखे स्टॉप तर पुढं १९९१ ला आले.

आता कमेंटमध्ये कोणतरी पुणं काढणारच. काढा की. २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर सुरू झालं पण लेन तुकड्यातुकड्यात, दुचाक्या बिनधास्त आत. दिल्लीनं तर २००८ चा कॉरिडॉर २०१६ ला उखडून टाकला. अर्धी बीआरटी केली की बसवाला पण शिव्या देतो आणि कारवाला पण. अहमदाबादला २००९ पासनं चालू आहे की.

आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला, गंगावेशीत हे कुणी मागू नये, तिथं रिक्षा वळताना नाकीनऊ येतात. पण हुबळी-धारवाडला साधारण २२ किलोमीटरवर दोन शहरं जोडली, २०१८ पासनं बस धावालीय, मग कोल्हापूर-इचलकरंजी का नको? मधे शिरोली एमआयडीसी, शिफ्ट सुटली की नुसत्या मोटरसायकली, पावसात रेनकोट घालून पोरं ट्रकच्या चाकाजवळनं गाडी काढत्यात. जागा कमी पडणार, दुकानवाले भांडणार, आणि २०१९ सारखं पुराचं पाणी हायवेवर आलं तर बीआरटी पण बंदच, ते मान्य. हुबळीतबी बाकीच्या गाड्यांना रस्ता उरत नाही म्हणून लोक कुरकुरत्यात. तरी बघितल्यावर वाटलं की हे आपल्याच्यानं होण्यासारखं आहे.

आई मात्र रोज विचारालीय, हुबळीच्या पाव्हण्यांच्यात आता पुढचं लग्न कुणाचं.