हसत उतरले, म्हणून छळ झालाच नाही?

व्हॉट्सॲपवर सध्या एक फोटो फिरतोय. विमानतळावर गणवेशातला बाप आणि त्याच्याकडे हात पसरून धावणारी मुलं. खाली मजकूर: ‘१९७३ साली हनोईहून सुटलेले अमेरिकी युद्धकैदी हसत, आपल्या पायांनी चालत उतरले. आल्या आल्या स्टेक खाल्ले. छळाच्या कथा निव्वळ प्रचार. नर्सेस होत्या त्या फोटोपुरत्या. घरी पोचले, सगळं विसरले.’

मी मिलिटरी नर्सिंगमध्ये उमेदीची वर्षं काढली. हनोई ही उत्तर व्हिएतनामची राजधानी; व्हिएतनाम युद्धात पकडलेले अमेरिकी तिथे कैदेत होते. अमेरिकेने व्हिएतनामवर केलेल्या बॉम्बवर्षावाची बाजू मी कधीच घेणार नाही. पण हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही.

आधी ‘हसत उतरले’. १२ फेब्रुवारी १९७३ ला पहिल्या विमानातून सर्वांत आधी उतरले अमेरिकी नौदलाचे वैमानिक जेरेमाया डेंटन. १९६६ मध्ये, कैदेत असताना, याच डेंटनना कॅमेऱ्यासमोर बसवून मुलाखत घेतली गेली होती. तोंडाने ते विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होते आणि पापण्यांच्या उघडझापीतून मोर्स संकेतात एकच शब्द सांगत होते: ‘टॉर्चर’. चेहऱ्यावरून माणसाचे हाल मोजू नयेत, हे वॉर्डात पहिल्या वर्षीच कळतं. सर्वांत जास्त दुखणारा रुग्णच पुष्कळदा ‘ठीक आहे, सिस्टर’ म्हणतो.

नर्सेस फोटोपुरत्या? हनोईच्या जिया लाम विमानतळावर गेलेल्या सी-१४१ या अमेरिकी लष्करी वाहतूक विमानांत फ्लाइट नर्सेस आणि वैद्यकीय सहायक ड्युटीवर होते. विमानं फिलिपिन्समधल्या क्लार्क या अमेरिकी हवाई तळावर जात, तिथल्या रुग्णालयात तपासणी होई. काही आठवड्यांत एकूण ५९१ माणसं परतली, त्यातली बहुतेक अशी हनोईहून. त्या विमानांतल्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: धावपट्टीवर आत शांतता, आणि चाकं जमिनीवरून सुटताच एकच जल्लोष. अशा वेळी नर्सची नजर, कोण हात वर करत नाहीये, तिकडे जाते. पुढे अमेरिकेचे सिनेटर झालेले वैमानिक जॉन मॅक्केन १४ मार्चला सुटले. त्यांना आयुष्यभर दोन्ही हात डोक्याच्या वर नेता आले नाहीत. १९६७ मध्ये विमान पडताना हात मोडले होते, पुढे कैदेतही त्यांचे हाल झाले.

आणि नर्सेस फक्त स्वागताच्या बाजूला नव्हत्या. पश्चिम जर्मनीच्या माल्टा मदतसेवा या सेवाभावी संस्थेतली मोनिका श्विन ही परिचारिका एप्रिल १९६९ मध्ये दक्षिण व्हिएतनाममध्ये पकडली गेली आणि मार्च १९७३ मध्ये सुटली. तिच्यासोबत पकडलेल्या पाच जणांच्या गटातले तिघे कैदेतच मरण पावले.

स्टेकचं खरं आहे. डॉक्टरांनी आधी बेताचा, सौम्य आहार ठरवला होता, कारण दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर जेवण जिवावर बेतू शकतं. पण माणसं स्टेक, अंडी, आइस्क्रीम मागू लागली, आणि बहुतेकांना ते पचलंही. १९६९ च्या अखेरीपासून कैद्यांची वागणूक सुधारली होती, सुटकेआधी जेवणही बरं मिळू लागलं होतं. शेवटच्या काही महिन्यांचं जेवण दाखवून आधीच्या वर्षांचे दोर आणि साखळदंड पुसता येत नाहीत.

आता तो फोटो. १७ मार्च १९७३, कॅलिफोर्नियाचा ट्रॅव्हिस तळ. पुढे त्याला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. फोटोतल्या त्या अधिकाऱ्याला तीनच दिवसांपूर्वी पत्नीचं पत्र मिळालं होतं: आपलं लग्न संपलंय. वर्षभरात घटस्फोट झाला. फ्लॉइड थॉम्प्सन हे अमेरिकी लष्करी अधिकारी तर जवळजवळ नऊ वर्षं कैदेत होते. त्यांचाही संसार टिकला नाही, पुढे दारूनेही त्यांना गाठलं.

‘सगळं विसरले’ असतं तर फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला अमेरिकी नौदलाने या माणसांसाठी खास केंद्र चालवलंच नसतं. तिथे हे लोक दरवर्षी तपासणीला येत राहिले, पांढरे केस झाल्यावरही.