रिकाम्या जारवरचं नाव: म्हापशाच्या भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, आणि दोन ओळींत भागणार नाही हे कळल्यावर सविस्तरच लिहायला बसले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, दुसऱ्याच्या नावाच्या २० लिटरच्या जारमध्ये आपलं पाणी भरून विकणाऱ्यांना मी मागच्या लेखात चोर म्हटलं होतं. भाऊंचं म्हणणं असं की गिऱ्हाइकाने पैसे मोजले की जार त्याचा, त्यात कुणी काय भरावं हे कंपनीने सांगू नये, प्लास्टिक पुन्हा वापरलं तर बरंच आहे, युरोपातल्या कोर्टाने पण रिफिलवाल्यांच्या बाजूने निकाल दिलाय, आणि मी मोठ्या कंपन्यांची बाजू घेऊन गावातल्या पोरांच्या पोटावर पाय देतेय.

'चोर' हा शब्द माझा चुकला, ते आधी कबूल करते. सगळ्यांना एका माळेत ओवायला नको होतं. तुम्ही स्वतः विकत घेतलेला जार शेजारच्या प्लांटवर नेऊन घरच्यासाठी भरून आणलात तर त्यात काहीच वावगं नाही. पण आपल्याकडे बहुतेक जार डिपॉझिटवर फिरतात, ते डिपॉझिट परत मिळतं ते जार मूळ मालकाचा असतो म्हणूनच ना? असा जार टेम्पोवाल्याने उचलून दुसऱ्या प्लांटला नेला तर गिऱ्हाइकाचं डिपॉझिटही अडकतं आणि मालकाची वस्तूही जाते.

आता समजा जार खरंच विकत घेतलेला आहे. तरी मुख्य प्रश्न उरतोच, कारण माझं म्हणणं प्लास्टिकबद्दल नव्हतंच, त्यावर छापलेल्या नावाबद्दल होतं. ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ चं कलम १०२ बघा, त्यात नेमकी हीच गोष्ट लिहिलीय: मालकाच्या संमतीशिवाय त्याचं चिन्ह असलेलं पॅकेज वापरून त्यात त्याचा अस्सल माल सोडून दुसरा माल भरला, तर ते खोटं चिन्ह लावणंच धरलं जातं. म्हणजे नवीन लेबल छापायचीसुद्धा गरज नाही, नुसतं भरणं पुरतं. कलम १०३ खाली शिक्षा ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, फक्त फसवण्याचा हेतू नव्हता हे आरोपीने सिद्ध केलं तर सुटका. आणि ज्याने नाव रजिस्टर केलेलं नाही त्याच्यासाठी पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवल्याचा, दावा आहेच. अनुचित स्पर्धेसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, ते काम बरंचसं हा पासिंग ऑफच करतो, त्यात आपलं नाव लोकांत चालतं, समोरच्याने लोकांची दिशाभूल केली आणि त्यात आपलं नुकसान झालं, एवढं दाखवावं लागतं.

मोठ्या कंपन्यांचं म्हणाल तर ऐका. माझा मावसभाऊ डिचोलीकडे छोटा प्लांट चालवतो, घरची माणसं आणि दोन कामगार, बस्स. गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या हॉलवरून त्याला फोन आला की पाण्याला वास येतोय, तुझं नाव आहे जारवर. तो धावत गेला, बघतो तर जार त्याचाच, पण झाकणावरचं सील साधं, बिननावाचं, त्याच्या सीलवर नाव असतं. पाणी दुसऱ्याच कुणी भरलेलं. तो सील दाखवत राहिला आणि हॉलवाल्याने लग्नघरच्या माणसांसमोर त्याला वाट्टेल ते ऐकवलं, पुढच्या ऑर्डरी बंद. भाऊ, मोठ्या कंपनीला वकील ठेवणं जड जात नाही. याचं नाव गेलं तर याच्याकडे दुसरं काय आहे? तो लेख मी त्याच रागात लिहिला होता, शब्द सुटला तो तिथेच.

युरोपचं तुम्ही बरोबर सांगितलंत पण अर्धंच. २०११ चा तो निकाल, वायकिंग गॅस विरुद्ध कोसान गॅस, डेन्मार्कचा. कोसानचे हलके सिलिंडर गिऱ्हाइकाने विकत घेतलेले होते, वायकिंग ते भरून देताना आपल्या नावाचं स्टिकर लावत होती, आणि कोर्ट म्हणालं की योग्य कारण असल्याशिवाय कोसानला हे थांबवता येणार नाही. मग २०२२ ला फिनलंडचं सोडास्ट्रीम आणि मायसोडाचं प्रकरण आलं. तिथे मायसोडा सोडास्ट्रीमच्या गॅसच्या बाटल्या भरून त्यांवर आपलं लेबल चिकटवत होती पण बाटलीच्या मानेवर कोरलेलं जुनं नाव दिसत होतं, आणि कोर्टाने सांगितलं की त्या लेबलामुळे दोन कंपन्यांचा काही संबंध आहे असा चुकीचा समज होत असेल तर मूळ मालक आडवा येऊ शकतो. म्हणजे दोन्हीकडे सगळं येऊन थांबलं ते गिऱ्हाइकाला काय समजतं यावर. मायसोडा निदान लेबल तरी लावत होती. आपल्याकडच्या जारवर कुठलं लेबल असतं ते दाखवा मला.

राहिलं तुम्ही दिलेलं हुर्राकचं, म्हणजे काजूच्या दारूचं, उदाहरण, ते मला खरंच आवडलं. काजूच्या दिवसांत भट्टीवरून मिनरल वॉटरच्या जुन्या बाटलीत हुर्राक आणतो तेव्हा तो पाण्याच्या कंपनीने काढलाय असं लहान पोरसुद्धा समजणार नाही, त्यामुळे तिथे फसवणूक नाही आणि त्या माणसाला कोर्टात ओढावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण साधी फेणी कुणी एखाद्या नावाजलेल्या फेणीच्या रिकाम्या बाटलीत भरून बारच्या फळीवर ठेवली तर? बाटली तेवढीच जुनी, पण आता गिऱ्हाईक नाव बघून पैसे देतंय.

तुमच्या ओळखीचा जो पोरगा असे जार भरून विकतो, त्याला धंदा बंद कर असं सांगू नका. जुनं नाव पूर्ण झाकेल एवढा मोठा स्टिकर, त्यावर आपलं नाव-पत्ता, फोन, एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचं) लायसन नंबर आणि भरल्याची तारीख, आणि डिपॉझिटचे जार ज्याचे त्याला परत, एवढं आधी करायला सांगा, बाकी कागद तपासायचे असतील तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी बसून बघते त्याच्यासोबत. लेखातला तो शब्द आज रात्री बदलते आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदलला असं लिहिते.