कललेले झाड आणि सरळ सल्ले

घराच्या दिशेने कललेले झाड अंगणात असले की घरमालकाला सल्लागारांची वाण कधीच पडत नाही. येणारा-जाणारा फाटकाशी थांबतो, स्वतःची मान झाडाच्या कोनात तिरकी करतो आणि "हे काही खरं नाही" असे बजावून आपल्या (सरळ झाडांच्या) घराकडे चालू लागतो. दोर बांधून झाड उलट्या बाजूला ओढा, असेही मला सुचवण्यात आले. दोराचे दुसरे टोक कोणी धरायचे, हा तपशील मात्र सुचवणाऱ्याने माझ्यावर सोपवला. सर्वांत लोकप्रिय सल्ला शेंडा उडवण्याचा आणि माझ्या मते सर्वांत वाईटही तोच, कारण मोठ्या जखमेतून कूज आत शिरते आणि तिथे भराभर फुटणाऱ्या नव्या फांद्यांची खोडाशी पकड कच्ची राहते.

हे सगळे वर पाहतात, दुखणे बहुधा खाली असते. प्रकाशाच्या ओढीने वर्षानुवर्षे कलत गेलेल्या झाडाचा बुंधा तिरका असला, तरी शेंडा पुन्हा आकाशाकडे वळलेला दिसतो, आणि रुंद पानांची झाडे तर कलाच्या वरच्या बाजूला ताण धरणारे खास लाकूड घडवून स्वतःला सावरतात. याउलट, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अख्खे झाड अलीकडेच एका रेषेत झुकले असेल, तर मुळांनी जमीन सोडायला सुरुवात केली, असे समजावे. म्हणून कलाच्या विरुद्ध बाजूची माती पाहायची: ती फुगली आहे का, तिला भेगा आहेत का, बुंध्याशी भूछत्रे उगवली आहेत का. मी मुसळधार पावसानंतर ही पाहणी पालथा पडून करीत असताना, अखेर मी झाडाला शरण गेलो, असा शेजारी समज पसरला.

पुढे झाडांचा एक जाणकार आला. त्याने लाकडी हातोडीने बुंधा चहूकडून ठोकला, आवाज पोकळ येत नाही याची खात्री केली, छपरावरची वाळकी फांदी तेवढी उतरवली आणि कल वाढतो का, हे ओळंबा लावून अधूनमधून मोजायला सांगितले. झाड तेव्हापासून तसूभरही हललेले नाही. ओळंब्यात नाही ती कुंपणाची भिंत, हे मात्र त्या मोजणीत उघड झाले; तिला मुळे नाहीत आणि सल्ला द्यायला अद्याप कोणीही आलेले नाही.