‘आधी डोळ्यांत बघायला शिकवा’ हा सल्ला मुलाच्या मुळावर येतो

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाला सगळ्यात आधी डोळ्यांत बघायला शिकवा, हवी ती वस्तू स्वतःच्या डोळ्यांजवळ धरा, मूल बघेपर्यंत देऊ नका. ९३ टक्के संवाद शब्दांविना होतो, त्यामुळे हे जमलं नाही तर पुढचं अवघडच. हवं ते दाखवून मागायची चित्रकार्डं तर देऊच नका, मूल बोलायचं थांबेल. आणि चारचौघांत सोडा, आपोआप शिकेल. पुढे पाठवणाऱ्याला मुलाची काळजीच असते, हे मला मान्य आहे. सल्ला मात्र मान्य नाही.

९३ टक्क्यांचं आधी उरकते. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आला. सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो यांवरून बोलणाऱ्याची आवडनावड कशी ओळखली जाते, एवढंच त्यांत तपासलं होतं. ‘पोट दुखतंय’ हे कसं सांगायचं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता डोळ्यांचं. कुणालाही सतरा सक किती विचारा. उत्तर शोधताना माणूस नजर दुसरीकडे वळवतो. समोरचा चेहरा बाजूला केला की डोकं मोकळं होतं. अनेक ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की डोळ्यांत बघायचं म्हटलं की समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही, जीव घाबरतो. २०१७ मधल्या मेंदूच्या स्कॅनच्या एका अभ्यासात ऑटिस्टिक व्यक्तींना चेहऱ्यातल्या डोळ्यांवरच नजर ठेवायला लावली, तेव्हा चेहरे टिपणारी मेंदूच्या आतल्या भागातली यंत्रणा प्रमाणाबाहेर सक्रिय झालेली दिसली. म्हणजे ज्या क्षणी मुलाने शिकावं असं आपल्याला वाटतं, नेमका तोच क्षण आपण त्याला नकोसा करतो.

मग शिकवायचं काय? साबणाच्या फुग्यांची बाटली घ्या. चार फुगे उडवा, झाकण घट्ट लावा आणि गप्प बसा. मूल बाटली तुमच्या हातात कोंबेल, तुमची बोटं धरून झाकणावर ठेवेल. तुमच्या डोळ्यांकडे कदाचित एकदाही बघणार नाही. पण त्याने स्वच्छ सांगितलंय, ‘पुन्हा कर.’ लगेच झाकण उघडा. अशा वेळी ‘आधी माझ्याकडे बघ’ म्हणणं म्हणजे त्याचं बोलणं मध्येच तोडणं. आपल्या खुणेला उत्तर मिळतं हे कळलं की खुणा वाढतात. मग बाटली जरा लांब ठेवा आणि तिच्याकडे बोट करून ‘फुगे!’ म्हणा. ओढणाऱ्या हाताच्या जागी हळूहळू बोट यायला लागतं. मागण्यासाठी बोट दाखवणं त्यातल्या त्यात सोपं. ‘ते बघ, किती छान!’ म्हणून दाखवणं अवघड. त्यासाठी मूल ज्या फिरत्या चाकाकडे बघतंय, त्याच्या शेजारी बसून आपणही तेच चाक बघायचं. समोर बसून नाही, शेजारी.

(मोठेपणी एखाद्याला स्वतःहून वाटलं, तर समोरच्याच्या कपाळाकडे बघण्यासारख्या युक्त्या जरूर सांगाव्यात. तो त्याचा निर्णय.)

चित्रकार्डांची भीती तर पालकांनी मनातून काढूनच टाकावी. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात भक्कम पुरावा असलेल्या २७ व्यक्तींच्या नोंदी होत्या. चित्रं, खुणा किंवा उपकरणं वापरल्यामुळे त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, बहुतेकांचं थोडंच, पण वाढलं होतं. शिवाय कार्ड घेऊन माणसापर्यंत जायचं आणि त्याच्या हातात द्यायचं, हाच तर सामाजिक व्यवहार!

राहिला ‘आपोआप’. मुलांची सोबत हवीच, पण गैरसमज ऑटिस्टिक आणि बिगरऑटिस्टिक अशा दोन्ही बाजूंनी होतात. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये हे नेमकेपणाने मांडलं. पुढे २०२० च्या एका प्रयोगात एक गोष्ट आठ-आठ जणांच्या साखळीतून एकाने दुसऱ्याला सांगत पुढे न्यायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांतून ती बिगरऑटिस्टिक साखळ्यांइतकीच नीट पोचली. मिश्र साखळ्यांत मात्र जास्त गळली. म्हणून वर्गातल्या इतर मुलांनाही शिकवावं लागतं: तो खिडकीकडे बघत असला तरी ऐकतोय, एकदा विचारून थांब, आणि त्याने कार्ड पुढे केलं तर ते घे.