शंका असेल तर ‘नो’: कॅलिफोर्नियाचं यंदाचं बॅलट वाचताना

कॅलिफोर्नियातल्या मित्रमंडळींनो, ही पोस्ट राष्ट्राध्यक्षपदाबद्दल नाही. तो निर्णय तुमचा कधीच झालाय, माझाही झालाय, आणि ग्रुपवर भांडून आजवर कोणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. ही पोस्ट बॅलटच्या उरलेल्या भागाबद्दल आहे. तो भाग आपल्यातले निम्मे लोक शेवटच्या रात्री, टीव्हीवरच्या जाहिरातीत काय ऐकलं होतं ते आठवत आठवत भरतात. यंदा, म्हणजे ५ नोव्हेंबर २०२४ साठी, राज्याची दहा प्रॉप्स (प्रपोझिशन्स, म्हणजे मतदारांनी थेट ‘यस’ किंवा ‘नो’ द्यायचे प्रस्ताव) आहेत: २ ते ६ आणि ३२ ते ३६.

आधी हे क्रमांकच बघा. २ ते ६ विधिमंडळाने बॅलटवर ठेवलेली आहेत, ३२ ते ३६ सह्या गोळा करून आलेली. माझ्या लेखी हा फरक डावे-उजवे यापेक्षा मोठा आहे. पहिल्या पाचांमध्ये कर्जरोखे आहेत नाहीतर घटनादुरुस्त्या, म्हणजे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळवून ती आपल्यापर्यंत आलीत. वाटेत कोणीतरी प्रश्न विचारलेत, काहीतरी कापलंय, काहीतरी घातलंय. दुसरी पाच कोणाच्या तरी वकिलाने लिहिलेली, जशीच्या तशी. एकदा सह्या सुरू झाल्या की त्यात स्वल्पविरामसुद्धा बदलता येत नाही.

आणि पास झाल्यावरही बदलता येत नाही, हे आपल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं. कॅलिफोर्नियात मतदारांनी सह्यांच्या मार्गाने केलेला कायदा विधिमंडळाला परस्पर दुरुस्त करता येत नाही. त्या कायद्यातच तशी सोय ठेवली असेल तरच हात लावता येतो. नाहीतर पुन्हा लोकांपुढे यायचं, पुन्हा मतदान, पुन्हा कोट्यवधींच्या जाहिराती. म्हणून माझा हिशोब असा: चुकून ‘नो’ दिला तर तोच विषय दोन वर्षांनी परत येऊ शकतो. चुकून ‘यस’ दिला तर ते प्रकरण वर्षानुवर्षं आपल्या मानगुटीवर. सह्यांवाल्या प्रॉपबद्दल नीट कळलं नसेल तर मी ‘नो’ देते, आणि तेव्हा मला अजिबात अपराधी वाटत नाही.

प्रॉप १३ हे याचं मोठं उदाहरण. १९७८ साली लोकांनी मालमत्ता कर घराच्या मूळ खरेदी किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकला, करासाठीचं मूल्यांकन वर्षाला फार तर दोन टक्के वाढणार. नंतर आलेले आपण शेजाऱ्यासारख्याच घरावर त्याच्या कितीतरी पट कर भरतो. २०२० मध्ये त्यातला फक्त व्यापारी मालमत्तांचा भाग बदलू पाहणारं प्रॉप १५ आलं, तेही पडलं.

यंदाचं प्रॉप ३६ त्याच जातीचं. २०१४ च्या प्रॉप ४७ ने ९५० डॉलरपर्यंतच्या दुकानचोरीला किरकोळ गुन्हा ठरवलं. आता औषधांच्या दुकानात टूथपेस्टसुद्धा काचेआड कुलपात असते. बटण दाबून उभं राहायचं, मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन कोणीतरी सावकाश येणार, आणि आपण दोन ब्रँडमधला फरक वाचत असताना शेजारी पहारा देणार. लोक वैतागलेत यात नवल नाही. विधिमंडळाने या ऑगस्टमध्ये चोऱ्यांविरुद्ध विधेयकांचा गठ्ठाच्या गठ्ठा मंजूर केला, पण ४७ ला थेट हात लावता येईना, कारण ते मतदारांचं अपत्य. म्हणून ३६. पण त्यात चोरी आणि ड्रग्ज एकाच मोळीत बांधलेत. वारंवार चोरी करणाऱ्याला शिक्षा वाढवा, हे मला पटतं. ड्रग्जच्या भागात ‘उपचार घ्या नाहीतर तुरुंग’ असं आहे आणि त्या उपचारांसाठी वेगळा पैसा नाही, ते पटत नाही. निम्म्याला हो म्हणायची सोय नाही. मी ‘नो’ देतेय, घरातलं दुसरं मत ‘यस’ आहे, आणि जेवणाच्या टेबलावर हा विषय आता बंद आहे.

आता माझं यंदाचं लाडकं, प्रॉप ३४. बॅलटवर त्याचं वर्णन असं की, काही आरोग्यसेवा पुरवठादारांनी औषधांतून मिळालेला पैसा कशावर खर्च करावा यावर बंधन. वाचून कोणालाही वाटेल, उत्तमच की! पेशंटचा पैसा पेशंटवरच गेला पाहिजे. पण राज्य सरकार मतदारांना पाठवतं त्या माहितीच्या गाईडमध्ये आत जाऊन बघा हे बंधन कोणाला लागू होणार ते. ज्या संस्थेने कुठल्याही दहा वर्षांत १० कोटी डॉलरहून जास्त पैसा थेट रुग्णसेवेखेरीज इतर गोष्टींवर खर्च केलाय, आणि शिवाय जी भाड्याच्या इमारती चालवते, आणि शिवाय ज्या इमारतींबाबत आरोग्य-सुरक्षिततेच्या नियमांची किमान ५०० गंभीर उल्लंघनं नोंदली गेलीत. आता सांगा, दवाखानेही चालवणारी आणि अशा चाळीही चालवणारी संस्था राज्यात किती असतील? हे माप अंगावर घेऊन शिवलेलं आहे. ज्या अंगासाठी शिवलं, ती म्हणजे लॉस एंजेलिसची एड्स हेल्थकेअर फाउंडेशन.

तिच्यावर एवढा राग का, ते प्रॉप ३३ मध्ये सापडतं. शहरांच्या भाडेनियंत्रणावर मर्यादा घालणारा कोस्टा-हॉकिन्स नावाचा १९९५ चा कायदा आहे. तो काढून टाका, असं ३३ म्हणतं. २०१८ मध्ये प्रॉप १० आणि २०२० मध्ये प्रॉप २१, दोन्ही वेळा हीच संस्था भाडेनियंत्रण वाढवण्यासाठी उतरली, दोन्ही वेळा हरली, यंदा तिसरी खेप. आणि ३४ च्या मागे पैसा कोणाचा? कॅलिफोर्निया अपार्टमेंट असोसिएशनचा, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचा. दर दोन वर्षांनी हा खेळ खेळण्यापेक्षा समोरच्याचा बटवाच बांधून टाकू, असा हा विचार. ३३ वर माझं मत ‘नो’ आहे. आधीच घरं कमी बांधली जातात, त्यात नव्या इमारतींवरही शहरांनी वाटेल तशी मर्यादा घातली तर आणखी कमी बांधली जातील असं मला वाटतं. तुम्ही भाडेकरू असाल आणि ‘यस’ देणार असाल तर माझी काही तक्रार नाही. पण ३४ ला मात्र दोघांनीही ‘नो’ द्यावा. विरोधक आवडत नाही म्हणून त्याच्या एकट्यासाठी कायदा करायची सवय एकदा लागली की उद्या कोणाचाही नंबर लागेल.

पुण्यातल्या काकूंना हे फोनवर सांगत होते तर त्या म्हणाल्या, कायद्यावर कुठे लोक मतदान करतात का? करतात की, महाराष्ट्रातही करतात. आडवी बाटली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिलांनी सह्या करून मागणी केली की दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवी जिंकायची तर यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. त्या दिवशी झालेल्या मतदानाच्या निम्मी मिळून भागत नाही. ज्या बायका घरी राहिल्या त्यांचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. कितीतरी गावांत बायकांनी दारोदार फिरून तेवढी मतं जमवली आहेत.

तिथे सही करणारी बाई शेजारणीला ओळखते आणि दुकानही तिच्या गल्लीतलं असतं. इथे किराणा दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभा असलेला मुलगा बहुधा सहीमागे पैसे मिळवत असतो, आणि त्याच्या हातात एका वेळी चार-पाच वेगवेगळ्या याचिका असतात. साध्या कायद्यासाठी यंदा ५,४६,६५१ वैध सह्या लागल्या, राज्यघटना बदलायची तर ८,७४,६४१. एवढ्या सह्या स्वयंसेवकांच्या जिवावर जमत नाहीत. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला बॅलटवर जागा मिळते, हे उघड गुपित आहे. गंमत म्हणजे ही पद्धत आली तीच पैशाची मक्तेदारी मोडायला. सदर्न पॅसिफिक रेल्वेने राजधानी सॅक्रामेंटोतलं राजकारण खिशात घातलं होतं, म्हणून गव्हर्नर हायरम जॉन्सनने १९११ मध्ये हा हक्क लोकांना द्यायला लावला. (त्याच १० ऑक्टोबरच्या मतदानात कॅलिफोर्नियातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला, तोही जेमतेम साडेतीन हजार मतांच्या फरकाने.) शंभरेक वर्षांनी, २०२० मध्ये, उबर, लिफ्ट वगैरे कंपन्यांनी आपल्या ड्रायव्हरांना कर्मचारी मानावं लागू नये म्हणून प्रॉप २२ वर २० कोटी डॉलरच्या वर खर्च केला आणि ते पासही झालं. डायलिसिसचं आठवतंय ना? २०१८, २०२०, २०२२, लागोपाठ तीन निवडणुकांत आपल्याला डायलिसिस क्लिनिक कशी चालवावीत हे विचारलं गेलं. कामगार युनियन आणि क्लिनिकच्या कंपन्या यांचं ते भांडण, आणि पंच आपण, ज्यांनी डायलिसिसचं मशीन बहुधा पाहिलेलंही नाही.

म्हणून मी गाईड उलटीकडून वाचते. आधी समर्थन आणि विरोधाखाली कोणाच्या सह्या आहेत ते. मग लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्टचं विश्लेषण. हा विधिमंडळाचा पक्षनिरपेक्ष सल्लागार. विश्लेषण रुक्ष असतं, पण संपूर्ण गाईडमध्ये तेवढंच कोणाची तळी न उचलता लिहिलेलं असतं. मोठ्या अक्षरातले युक्तिवाद सगळ्यात शेवटी. ज्यांच्या घरी आई-बाबा नागरिक झालेत आणि इंग्रजीत अडखळतात, त्यांच्यासाठी हेच गाईड हिंदीतही मिळतं, मागवून घ्या.

असं वाचताना प्रॉप ६ वर थांबले. राज्यघटनेत सक्तीच्या मजुरीला बंदी आहे, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालते. तो अपवाद काढायचा आहे. तुरुंगातल्या बहुतेक कामांना तासाला एक डॉलरही मिळत नाही. गाईडमध्ये विरोधाच्या रकान्यात लिहिलंय की विरोधात युक्तिवादच आलेला नाही. म्हणजे उघडपणे ‘सक्तीची मजुरी असू द्या’ असं म्हणायला कोणी पुढे आलं नाही. तरी हे पडेल अशी मला धास्ती आहे, कारण गुन्हेगारीवरचा सगळा राग याच बॅलटवर ३६ च्या रूपाने बसलाय. ६ ला ‘यस’. प्रॉप ३ लाही ‘यस’: २००८ च्या प्रॉप ८ मधलं लग्न म्हणजे फक्त पुरुष आणि स्त्री यांचं हे वाक्य २०१३ पासून निकामी असलं तरी राज्यघटनेत तसंच पडून आहे.

२ आणि ४ हे दहा-दहा अब्ज डॉलरचे रोखे, एक शाळांच्या इमारतींसाठी, एक पाणी आणि वणव्यांसाठी. हप्ते फिटायला ३५-४० वर्षं. दोन्हींना माझा ‘यस’, फार उत्साह नाही. ३५ म्हणजे मेडि-कॅलसाठीचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठीचा) विमा कंपन्यांवरचा कर कायमचा करणं. हेतू चांगला, पण पैसा कुठे जायचा हेही त्यात बांधून टाकलंय, म्हणून वरच्या नियमाने ‘नो’.

उमेदवारांबद्दल. सिनेटची तीच दोन नावं, अ‍ॅडम शिफ आणि स्टीव्ह गार्वी, बॅलटवर दोनदा आहेत. छपाईची चूक नाही. एक मत जानेवारीपर्यंतच्या उरलेल्या मुदतीसाठी, एक पुढच्या सहा वर्षांसाठी. दोन्ही भरा. आमच्या १६ व्या काँग्रेशनल डिस्ट्रिक्टमध्ये मात्र दोन्ही उमेदवार डेमोक्रॅट, कारण इथे प्रायमरीतले, म्हणजे प्राथमिक फेरीतले, पहिले दोघे पुढे जातात, पक्ष कोणताही असो. मार्चमध्ये दुसऱ्या जागेसाठी एव्हन लो आणि जो सिमिटियन यांना अगदी सारखी, ३०,२४९ मतं पडली. फेरमोजणीत लो पाच मतांनी पुढे गेले. पाच! आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी घरांतच याहून जास्त मतं आहेत, आणि मार्चमध्ये टपालाने आलेल्या मतपत्रिकांची किती पाकिटं न उघडता रिसायकलिंगमध्ये गेली याचा अंदाज मला आहे.

स्कूल बोर्ड, पाणी डिस्ट्रिक्ट यांच्या उमेदवारांपुढे पक्षाचं नाव नसतं. असतो फक्त तीन शब्दांत बसवलेला व्यवसाय, आणि त्या तीन शब्दांत सगळेच ‘शिक्षक’, ‘पालक’ किंवा ‘छोटे उद्योजक’ असतात. त्यापेक्षा बोर्डाच्या मीटिंगचं एखादं रेकॉर्डिंग दीडपट वेगाने लावा. वीस मिनिटांत कळतं कोण कागद वाचून आलंय आणि कोण भाषण करायला. आपण मुलांच्या शाळेच्या रेटिंगवरून घरं घेणारे लोक, आणि ती शाळा चालवणाऱ्यांना मात्र नाव ओळखीचं वाटलं म्हणून मत देतो.

यंदा भाऊबीज रविवारी आणि मतदान मंगळवारी, तेव्हा पाकीट फराळाच्या डब्यांखाली हरवू देऊ नका. टपालखर्च भरावा लागत नाही. पाकिटावर सही करा, आणि ती डीएमव्हीत (ड्रायव्हिंग लायसन्सच्या खात्यात) दिलेल्या सहीसारखीच करा. सही जुळली नाही तर काउंटीकडून पत्र येतं, त्याला उत्तर दिलंत तर मत मोजलं जातं.

राहिली ५ आणि ३२. स्थानिक रोख्यांसाठी दोन तृतीयांशाऐवजी ५५ टक्के मतं पुरावीत, हे ५ चं म्हणणं. तिथे मी ‘यस’कडे झुकलेय. ३२ वर अजून अडकलेय. किमान वेतन १६ वरून १८ डॉलर. फास्ट फूडवाल्यांना एप्रिलपासून २० मिळतातच, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? पण बे एरियात १८ काहीच नाही आणि सेंट्रल व्हॅलीतल्या छोट्या दुकानदाराला तेच जड, आणि दोघांना एकच आकडा. तुमच्यापैकी कोणी फ्रेस्नो-बेकर्सफील्डकडे धंदा करत असेल तर तिथे सध्या लोकांना काय पगार द्यावा लागतो ते सांगा. रविवारपर्यंत ठरवायचंय.