तांब्याच्या मुशीत टायटॅनियम: तो व्हिडिओ खोटा नाही

तांब्याच्या मुशीत टायटॅनियमचा पांढराशुभ्र रस घुसळतोय, असा व्हिडिओ सध्या फिरतोय. त्यासोबतचा दावा असा: "तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, टायटॅनियम १६६८ला. आधी मूसच वितळेल! तांबं चुंबकीय क्षेत्र अडवतं. शिवाय मूस पाण्याने थंड केली तर धातू गोठेल. सगळं बनावट." आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष साफ चुकलाय. इथे धातू आगीने नाही, तर मुशीभोवतीच्या कॉइलच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या वेटोळ्याच्या, बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापतो, आणि मूस पाण्याने थंड ठेवलेली असते.

मूस वितळेल का, हे आतला रस किती तापलाय यावर नाही, तर मुशीची भिंत किती तापते यावर ठरतं. एक सेंटिमीटर जाडीच्या तांब्यातून दर चौरस मीटरला दहा लाख वॅट उष्णता गेली, तरी भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक पडतो जेमतेम २५ अंशांचा. पाणी ती उष्णता वाहून नेतंय तोवर तांब्याला धोका नाही.

क्षेत्र अडवण्याचा मुद्दा मात्र दखल घेण्याजोगा आहे. सलग तांब्याचं नळकांडं असतं, तर त्यात गोल फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहाने कॉइलचं क्षेत्र खरंच बाहेर थोपवलं असतं. म्हणूनच मुशीला उभ्या चिरा असतात. व्हिडिओ थांबवून पाहा, दिसतील. चिरांमुळे प्रवाहाला पूर्ण फेरा मारता येत नाही. प्रत्येक पाकळीच्या (दोन चिरांमधल्या तांब्याच्या पट्टीच्या) बाहेरच्या अंगाने तो जातो आणि आतल्या अंगाने परततो. आतल्या अंगाचा हा प्रवाह धातूत भोवरा प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारी वीज, निर्माण करतो. त्यानेच धातू तापतो, ढवळला जातो आणि भिंतीपासून आत ढकलला जाऊन मधोमध घुमटासारखा फुगतो.

धातू गोठतो, हे अगदी खरं. तळाशी टायटॅनियमचाच पापुद्रा धरतो, आणि तो हवाच असतो! रस त्याच्यावर राहतो, तांब्याला लागत नाही.

"मग सिरॅमिकची मूस का नाही?" असंही व्हिडिओखाली विचारलंय. वितळलेलं टायटॅनियम ऑक्साइडच्या मुशीतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं; ग्राफाइट वापरलं तर कार्बन मिसळतो.

फुकट काहीच नाही, अर्थात. बहुतेक वीज पाण्यातच जाते. रस वितळणबिंदूच्या फारसा वर तापत नाही, त्यामुळे झटपट ओतावा लागतो. पाणी गळून रसात गेलं तर वाफेचा आणि हायड्रोजनचा स्फोट होऊ शकतो. बिडाच्या किंवा पितळेच्या ओतकामाला हा खटाटोप कोणी करत नाही.